व्हिडिओतलं हसू

घरात तिला सगळे धाकटीच म्हणायचे. लग्न होऊन ती शहरात गेली, कपाळावरची बट पांढरी झाली, तरी माहेरच्या माणसांना ती धाकटीच. नाव पाडलं होतं दादाने. ती जन्मली तेव्हा तो शाळेत जायला लागला होता. शेजारीपाजारी कौतुकाने विचारायचे, "काय रे, बहिणीचं नाव काय ठेवलं?" तर हा छाती पुढे काढून सांगायचा, "ती माझी धाकटी!" जणू दुपट्यातलं ते गाठोडं त्यानेच बाजारातून निवडून आणलं होतं.

वडील साध्या तापाचं निमित्त होऊन गेले. दादाने दप्तर माळ्यावर टाकलं आणि तो बोटीवर जायला लागला. धाकटीचं दप्तर मात्र त्याने कधी माळ्यावर जाऊ दिलं नाही. ती पुढे शिकली आणि शहरातल्या एका कानाच्या दवाखान्यात लागली. येणाऱ्यांचे कान तपासायचे, कोणाला किती ऐकू येतं ते मोजायचं, कानाचा साचा घ्यायचा, मशीन बसवून द्यायचं. दादा ओळखीच्यांना सांगायचा, "आमची धाकटी बहिऱ्यांना ऐकायला लावते." आणि वर म्हणायचा, "तिचंच कोणी ऐकत नाही, ती गोष्ट वेगळी."

त्यांचं गाव लहानसं बंदर होतं. उन्हाळ्यात तिथे इतर बंदरांसारखी मासेमारी चाले. थंडीत मात्र एक वेगळं काम असे, आणि त्याबद्दल घराघरांत फारसं बोललं जात नसे. दूरवर डॉल्फिनचा कळप दिसला की बोटी एका ओळीत उभ्या राहायच्या. प्रत्येक बोटीवरचा एक जण लोखंडी नळी पाण्यात सोडायचा आणि वरून तिच्यावर हातोडा घालायचा. डॉल्फिन कानावर जगणारे प्राणी. तो आवाज त्यांना सोसत नाही. आवाजापासून लांब पळायला जावं तर पुढे किनाऱ्यातली अरुंद खोबण, आणि एकदा कळप आत शिरला की तोंडाशी जाळं. त्यातले देखणे, तरणे डॉल्फिन जिवंत विकले जायचे, खेळांच्या तलावांत लोकांना चेंडूशी खेळून दाखवायला. उरलेल्यांना तिथेच संपवायचे.

धाकटीला हे लहानपणापासून ठाऊक होतं. पण ठाऊक असणं वेगळं आणि बघणं वेगळं. शिकारीच्या दिवशी मुलांनी खोबणीकडे फिरकायचं नाही, असा दंडकच होता. हातोड्यांचा आवाज मात्र घरापर्यंत यायचा, भांड्यांच्या मांडणीतल्या वाट्या किणकिणायच्या. ती डोक्यावर उशी दाबून बसायची. दादा संध्याकाळी आला की विचारायची, "आज किती मारले?" तो बूट काढता काढता म्हणायचा, "तुला कशाला नसत्या चौकशा? पाढे म्हण."

आईचं कंबरेचं हाड मोडलं तेव्हा धाकटी रजा टाकून माहेरी आली. थंडीचे दिवस होते. एकदा आई औषध घेऊन झोपली होती, वहिनी बाजारात गेली होती, आणि खिडकीच्या काचा हलक्या हलक्या वाजायला लागल्या. तिच्या लगेच लक्षात आलं. या वेळी तिने कान झाकले नाहीत. स्वेटर चढवला, मासळीच्या गोदामामागच्या पायवाटेने गेली आणि थेट खडकांवर जाऊन उभी राहिली. खाली खोबण होती.

तिथे तिने जे पाहिलं ते ती पुढे कधीच कोणाला नीट सांगू शकली नाही. पाण्याचा रंग तर नंतर सगळ्या जगानेच पाहिला. पण आवाज? एक मादी पिल्लाला अंगाखाली घेऊन जाळ्याशी गोल गोल फिरत होती आणि शीळ घालत होती. सतत, न थांबता. दिवसभर हेडफोनमधल्या बारीक आवाजांशी खेळणाऱ्या धाकटीला ती शीळ बाकीच्या कल्लोळातून वेगळी ऐकू येत होती. मग ती शीळ थांबली. धाकटीच्या हातात फोन होता. तिने तो कधी बाहेर काढला, बटण कधी दाबलं, तिचं तिला कळलं नाही.

पुढच्या बोटीच्या टोकाला, नाळेवर दादा होता. रबरी अंगरखा, एका हातात नळी, दुसऱ्यात हातोडा. त्याने सहज मान वर केली आणि त्याला खडकावर स्वेटर घातलेली बहीण दिसली. जिथे ती कधीच फिरकली नव्हती, त्या जागी. त्याचा चेहरा फुलला. तो तोंड भरून हसला आणि हातोड्याचा हात वर करून त्याने तिला हाक मारल्यासारखी खूण केली. बाकी काही नाही. रस्त्याच्या पलीकडे आपलं माणूस दिसलं की कोणीही हसेल, तसं.

धाकटीने हात हलवला नाही. हातात फोन होता.

त्या संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर जे व्हायचं ते झालं. ती म्हणाली, "दादा, तुला काहीच वाटत नाही?"

"वाटून काय करू? बोट माझ्या एकट्याची आहे का?"

"प्रत्येक जण असंच म्हणत असेल."

"हो, म्हणतात." दादाने घास खाली ठेवला. "धाकटे, तू जरा दम धर. आमचं आपसांत काही बोलणं चाललंय. एका दिवसात होणारी गोष्ट नाही ती."

"कसलं बोलणं?"

"झालं की सांगेन."

"तोवर मारत राहा," म्हणून ती ताटावरून उठली. वहिनीने "अगं, बस ना" म्हटलं, दादाची पोर, तिची भाची, मान खाली घालून ताटातली शितं मोजत राहिली.  सकाळी दादानेच तिची बॅग बसथांब्यापर्यंत उचलून नेली. बस सुटताना म्हणाला, "पोचलीस की कळव." तिने कळवलं, तेही वहिनीला.

व्हिडिओ बरेच दिवस फोनमध्ये तसाच पडून होता. दवाखान्यात एखाद्या म्हाताऱ्याच्या कानावर हेडफोन चढवताना तिला मध्येच ती शीळ आठवायची आणि हात थांबायचा. शेवटी एका सुट्टीच्या दुपारी तिने लॅपटॉप उघडला. ज्या संकेतस्थळांवर लोक याचिका टाकतात आणि जगभरची माणसं घरबसल्या सह्या करतात, त्यांतल्या एकावर तिने लिहायला घेतलं. लिहिलं मनापासून. ही शिकार थांबवा, सरकारने बंदी घालावी, खेळ करणाऱ्या तलावांनी इथले डॉल्फिन विकत घेऊ नयेत. तिने एक अक्षरही खोटं लिहिलं नाही.

नवरा शेजारी बसून भाजी निवडत होता. व्हिडिओ बघून म्हणाला, "यात दादा दिसतायत."

"हो."

"नीट दिसतायत. चेहरा पुसट करता येतो की. मी करून देऊ?"

"कर," ती म्हणाली. त्याने केलं. पुसट चेहऱ्याचा व्हिडिओ चढला, ओळखीपाळखीच्या लोकांनी सह्या केल्या आणि गाडी तिथेच अडली. मग एका प्राणीरक्षण संस्थेतल्या बाईंचा फोन आला. बाई गोड बोलणाऱ्या, पण कामाला वाघ. म्हणाल्या, "तुमचा मजकूर उत्तम आहे. आम्ही तो आमच्या सगळ्या सभासदांना पाठवतो. फक्त मूळ व्हिडिओ द्या. तो पुसट भाग आहे ना, तिथे कोणीतरी हसतंय असं वाटतं."

"हो, एक माणूस आहे."

"मग तो दिसू द्या. रक्त बघून लोक तोंड फिरवतात. रक्तात उभा राहून हसणारा माणूस बघितला की चिडतात. आणि चिडलेला माणूस सही करतो. क्रूर वाटेल, पण इतकी वर्षं हेच बघत आले आहे." मग त्यांनी विचारलं, "तुमच्या ओळखीचा आहे का कोणी?"

धाकटी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. कुकरची शिट्टी होत होती. ती म्हणाली, "गावातलाच एक."

नवऱ्याने मान वर करून तिच्याकडे पाहिलं.   मूळ व्हिडिओ गेला.

पुढे काय झालं ते सांगायला दम लागतो. सह्या हजारांत गेल्या, मग लाखांत. फोन हातात घेतला की आकडा वर सरकलेला. कुठकुठल्या देशांतली माणसं, शाळेतल्या मुली, निवृत्त शिक्षक, नट्या. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनीही सही केली आणि तिला मिठी मारली. तिला भरून आलं. आयुष्यात पहिल्यांदा आपलं कोणीतरी ऐकतंय असं वाटलं. सगळे तिचं अभिनंदन करत आणि सगळे त्या हसणाऱ्या माणसाला शिव्या घालत. 'हा माणूस नाही.' 'याच्या तोंडावर तोच हातोडा घाला.' 'याला पोरंबाळं असतील का?' एकाने तो चेहरा कापून, मोठा करून, खाली 'राक्षस' लिहून फिरवला. तो फलक म्हणून छापलाही गेला. दूर कुठल्याशा चौकात मोर्चातले लोक दादाचं हसू काठीला लावून नाचवत होते.

धाकटी त्या प्रतिक्रिया आधी वाचायची. मग वाचेनाशी झाली.

दादाचा फोन आला नाही. वहिनीचा आला. तिने आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं. ती शांतपणे म्हणाली, "धाकटे, पोर शाळेत जात नाहीये. वर्गातल्यांनी तिच्या बाकावर तो फोटो चिकटवला. मी तिच्या मामाकडे पाठवतेय तिला, थोडे दिवस."

"वहिनी, मला..."

"ऐक. बंदरावरच्या कार्यालयात दिवसभर धमक्यांचे फोन येतात. तुझ्या दादाने बाहेर जाणं सोडलंय. आणि तुला वाटत असेल बोटवाले तरी त्याच्या बाजूला उभे राहिले. नाही. ते म्हणतात, यानेच बहिणीला बोलावून व्हिडिओ काढायला लावला. बघा, कॅमेऱ्याकडे बघून कसा हसतोय."

"त्यांना असं का वाटावं?"

"का म्हणजे? तोच तर मागे लागला होता ना सगळ्यांच्या! शिकार बंद करू, त्याऐवजी लोकांना बोटीतून डॉल्फिन दाखवायला नेऊ, लांबच्या गावी जाऊन बघूनही आला होता तो. अर्ध्याअधिक बोटवाल्यांचं मन वळत आलं होतं. तुझा व्हिडिओ आला आणि सगळे उलटले. आता कोणी तो विषय काढला तरी अंगावर धावून येतात. जगाने शिव्या दिल्या म्हणून आम्ही वाकायचं का, म्हणतात." ती थांबली. "तुला सांगणार होता तो. झालं की सांगतो म्हणत होता."

धाकटीने फोन ठेवला.

पुढच्या थंडीत खोबणीवर ताडपत्र्या ताणल्या गेल्या. खडकांवर जायची पायवाट काटेरी तारेने बंद झाली. शिकार चालूच राहिली, आता बघणाऱ्यांच्या नजरेआड. दादा त्या शिकारीत नव्हता. त्याला कोणी बोटीवर घेत नव्हतं. तो गावाबाहेरच्या शीतगृहात खोकी चढवण्या-उतरवण्याच्या कामाला लागला. याचिका वाया गेली, असं तेव्हा कोणीही म्हणालं असतं. धाकटीलाही तसंच वाटत होतं, आणि खरं सांगायचं तर तसं वाटण्यात तिला थोडी सुटका वाटत होती. सगळंच चुकलं म्हटलं की हिशेब सोपा होतो.

पण याचिका वाया गेली नाही. सह्यांचे गठ्ठे मंत्रालयाच्या दारात नुसते पडून राहिले हे खरं, पण सह्या करणारी माणसं गप्प बसली नव्हती. त्यांतल्याच कोणी खेळाच्या तलावांच्या मालकांना गाठलं, कोणी सहली नेणाऱ्या कंपन्यांना. एका मोठ्या कंपनीने डॉल्फिनच्या खेळांची तिकिटं विकणं बंद केलं. मग दुसरीने. तलाववाले हात वर करून मोकळे झाले. जिवंत डॉल्फिनना गिऱ्हाईकच उरलं नाही, तेव्हा नुसत्या मांसासाठी कोण डिझेल जाळणार? हळूहळू बोटी कमी झाल्या. आणि एका थंडीत त्या निघाल्याच नाहीत. हातोडे गोदामात गंजायला लागले.

संस्थेतल्या बाईंचा फोन आला. "जिंकलो हो आपण!" दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी केक आणला. धाकटीने तो कापला. ती मादी, ते पिल्लू, ती शीळ आठवून ती खरोखरच रडली, आणि ते रडणं आनंदाचं होतं. आता दुसऱ्या एखाद्या मादीला जाळ्याशी फिरावं लागणार नव्हतं. यात खोट काढण्यासारखं काहीच नव्हतं. फक्त ही बातमी सांगायला ज्याच्याकडे धावत जावं असं एकच माणूस तिच्या आयुष्यात होतं, आणि त्याच्याकडे जायची तिला सोय राहिली नव्हती.

मधल्या काळात आई गेली. धाकटी माहेरी जाऊन राहिली, परत आली. दादा तिच्याशी वाईट वागला नाही. "चहा घेतेस?", "पांघरूण पुरेल ना?", "आईची चादर तू ने", एवढंच बोलला. पाहुण्यांशी बोलतात तसं. भाची उंच झाली होती. ती आत्याजवळून जाताना भिंतीला चिकटून जायची.

त्यानंतर पुष्कळ दिवसांनी एका सकाळी दवाखान्याच्या बाकावर दादा बसलेला दिसला. मांडीवर टोपी होती, पायाशी पिशवी. शेजारी वहिनी. धाकटी दारातच थबकली. वहिनी उठून म्हणाली, "याला नीट ऐकू येईनासं झालंय. शीतगृहात ट्रक मागे येत होता, भोंगा वाजत होता, हा तसाच उभा. कोणीतरी ओढलं म्हणून वाचला. म्हटलं, घरात एवढी कानवाली असताना परक्याकडे कशाला जायचं? यायला तयार नव्हता. मी आणलं." मग ती हलक्या आवाजात म्हणाली, "मी खाली जाऊन बसते."

धाकटीने त्याला आवाजबंद खोलीत बसवलं. छोटीशी खोली ती, भिंतींना फोम, मध्ये एक खुर्ची. कानांवर हेडफोन चढवले, हातात बटण दिलं. "बारीक आवाज आला तरी दाबायचं, दादा." ती काचेच्या अलीकडे बसून एकेक सूर सोडत गेली. जाड सूर त्याला ऐकू आले. सूर जसे बारीक होत गेले तसा त्याचा अंगठा बटणावर नुसताच राहिला. काचेपलीकडे तो डोळे बारीक करून, मान किंचित कलती करून वाट बघत होता, परीक्षेला बसलेल्या मुलासारखा. कागदावरची त्याच्या ऐकण्याची रेघ कड्यावरून ढकलल्यासारखी खाली गेली होती. अशा रेघा तिने कारखान्यातल्या लोकांच्या पाहिल्या होत्या. वर्षानुवर्षं लोखंडावर लोखंड आपटल्याचा हा परिणाम. ज्या आवाजाने त्याने डॉल्फिन हाकलले, तोच त्याचे कान खाऊन गेला होता. तिला यात कसलाही न्याय दिसला नाही. तिला फक्त माळ्यावर टाकलेलं दप्तर दिसलं.

मग साचा घ्यायचा होता. तिने त्याच्या डाव्या कानात आधी कापसाचा बोळा सरकवला आणि पिचकारीने गुलाबी लगदा भरला. तो कडक होईपर्यंत गप्प बसायचं असतं. इतक्या जवळून तिने त्याला कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं. कानामागे पांढरे केस, मानेवर उन्हाने पडलेल्या चिरा.

दादाच आधी बोलला. कमी ऐकणारी माणसं बोलतात तसा, जरा मोठ्याने. "बंद झालं ना ते."

"हो."

"बरं झालं."

तिने त्याच्याकडे पाहिलं. तो समोरच्या भिंतीवरच्या कानाच्या चित्राकडे बघत होता. "मनापासून म्हणतोय. आमच्याच्याने एवढं झालं असतं की नाही, कोण जाणे. तुझ्या त्या सह्यांनी झालं. मी मोकळेपणाने सांगतो."

"दादा..."

"पण मी तुझ्याकडे बघून हसलो होतो, धाकटे."

ती उजव्या बाजूला आली, त्याच्या उघड्या कानाशी वाकली आणि म्हणाली, "माहीत आहे."

"तेव्हाच माहीत होतं?"

"तेव्हाच."

त्याने मान हलवली. कानातल्या लगद्यामुळे त्याला ती वळवता येत नव्हती. "मला वाटायचं, तुला कळलंच नसेल. लांब होतीस. तुझ्या वहिनीलाही मी तेच सांगायचो. तिला कुठे दिसणार एवढ्या लांबून, म्हणायचो." त्याने मांडीवरची टोपी सरळ केली. "मारत होतो ते खरंच होतं. त्याबद्दल शिव्या दिल्या, तर घेतल्या असत्या. नुसतं तेवढं तरी लिहायचंस, की हा हसतोय तो मला बघून."

धाकटीला पुष्कळ काही सांगता आलं असतं. त्या बाईंचं बोलणं, सह्यांचा आकडा, ती शीळ. यातलं काहीही उत्तर नव्हतं. ती म्हणाली, "तसं लिहिलं असतं तर लोक चिडले नसते."

"हं," दादा म्हणाला. आणि मग, "कळलं."

लगदा कडक झाला होता. तिने तो हळूच फिरवून बाहेर काढला. कानाचा आतला आकार तिच्या तळहातावर आला. "चुकलं माझं," ती म्हणाली. त्याला ऐकू गेलं. त्याने तिच्या पाठीवर एकदा हात ठेवला, थोपटला नाही, नुसता ठेवला, आणि उजवा कान पुढे केला. "हा पण करायचाय ना? बस चुकेल आमची."

ते गेल्यावर तिने डॉक्टरीणबाईंकडे अर्धी रजा मागितली. घरी येऊन लॅपटॉप उघडला. याचिकेचं पान अजून होतं, वर मोठ्या अक्षरांत 'विजय' लिहिलेलं. व्हिडिओ काढून टाकता येतो का ते तिने पाहिलं. या पानावरून काढता आला, तिने काढला. पण बाहेर त्याच्या किती नकला फिरत होत्या, त्याला काही सीमाच नव्हती. मग तिला एक सोय दिसली. सह्या केलेल्या सगळ्यांना अजूनही निरोप पाठवता येत होता. तिने लिहिलं:

'व्हिडिओत हसणारा माणूस माझा सख्खा भाऊ आहे. शिकारीत तो सामील होता. पण तो डॉल्फिन मरताना बघून हसला नव्हता. बऱ्याच दिवसांनी घरी आलेली बहीण खडकावर उभी दिसली, म्हणून हसला. ती बहीण मी. हे मला तेव्हाच माहीत होतं आणि मी ते तुम्हाला सांगितलं नाही. गावातली शिकार बंद व्हावी म्हणून तो आधीपासून धडपडत होता, हे मला नंतर कळलं. तुम्ही केलेली सही योग्यच होती. माझ्या भावाबद्दल तुमची जी समजूत झाली ती चुकीची होती, आणि ती मी करून दिली.'

तिने निरोप धाडला. लाखो माणसांना गेला तो. तिला वाटलं होतं, पुन्हा एकदा आभाळ कोसळेल. काहीच झालं नाही. याचिका जिंकून बराच काळ लोटला होता, लोक दुसऱ्या याचिकांवर सह्या करत होते, कुठे जंगलासाठी, कुठे अस्वलांसाठी. बहुतेकांनी निरोप उघडलाही नाही. थोड्यांनी उत्तर दिलं. एका शिक्षिकेने लिहिलं, 'मी वर्गात तो फोटो दाखवला होता. आता त्या मुली मोठ्या झाल्या, त्यांना कुठे शोधू?' एकाने लिहिलं, 'हसला तर हसला, मारत होता ना?' आणखी एकाने नुसता अंगठा पाठवला. संस्थेतल्या बाईंनी फोन केला. निरोप वाचल्याचं सांगितलं. मग म्हणाल्या, "मी तुम्हाला विचारलं होतं." धाकटी म्हणाली, "हो. विचारलं होतंत."

संध्याकाळी नवऱ्याने विचारलं, "दादांना पाठवलंस का हे?"

"तो वाचेल का?"

"वहिनी वाचून दाखवतील."

तिने भाचीला पाठवलं. भाचीने वाचल्याची खूण उमटली. उत्तर आलं नाही, त्या दिवशी नाही आणि नंतरही नाही. धाकटीने आठवण करून दिली नाही. एवढा शहाणपणा तिला आला होता.

साच्यावरून मशिनं तयार होऊन आली. दादाला पुन्हा यायला जमलं नाही, म्हणून ती पार्सलने पाठवावी लागली. सोबत तिने कशी घालायची, कशी पुसायची ते मोठ्या अक्षरांत लिहून दिलं.

मग एका दुपारी दवाखान्यात दोन रुग्णांच्या मधल्या वेळात तिने घरी फोन लावला. वहिनी उचलेल म्हणून ती "कशी आहेस" म्हणायच्या बेतात होती. पलीकडून दादाचा आवाज आला. इतकी वर्षं त्या घरातला फोन त्याने तिच्यासाठी कधी उचलला नव्हता.

"कोण?"

"मी आहे, दादा. धाकटी."

"हां, बोल. येतंय ऐकू." तो ओरडत नव्हता, साध्या आवाजात बोलत होता. "फार आवाज आहे गं जगात. ताटल्यांचा किती खणखणाट! तुझी वहिनी भांडी ठेवते की आपटते?"

"सुरुवातीला तसंच वाटतं. सवय होते."

"आणि उजव्याचं मध्येच शिटी मारतं."

"नीट आत बसलं नसेल. थोडं मागे फिरवून दाब."

पलीकडे खरखर झाली, तो बहुतेक तिथल्या तिथे करून बघत होता. ती थांबली. दारात पुढचा रुग्ण येऊन उभा राहिला होता. तिने त्याला हातानेच बसायची खूण केली.

"थांबलं," दादा म्हणाला.  फोन ठेवायची वेळ झाली होती, पण कोणी ठेवत नव्हतं. "पोर मामाकडून घरी आली आहे," शेवटी तो म्हणाला. "शिकायला बाहेर जायचं म्हणतेय. तुझ्या शहरात नको म्हणते. दुसरीकडे बघतोय."

"बरं," धाकटी म्हणाली. "कुठे का असेना, जाऊ दे तिला."

"जाऊ देणार. तुला नव्हतं का जाऊ दिलं?" तो म्हणाला. बोलण्यात कुठे टोचणी नव्हती, तो आपला सांगत होता. मग त्याने विचारलं, "या मशीनचे सेल संपले की कुठे मिळतात?"

तिने सांगितलं.